हयातीच्या दाखल्यानंतर

नोव्हेंबर उजाडला की बँकेच्या दारात पेन्शनरांची रांग लागते. कुणी काठी टेकत आलेलं असतं, कुणाला नातवानं स्कूटरवरून आणून सोडलेलं असतं, कुणाच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि औषधांची चिठ्ठी एकत्रच कोंबलेली असते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं आणि बोटाच्या ठशावर काम होऊ लागलं. ऐंशी ओलांडलेल्या केंद्र सरकारी पेन्शनरांना तर ऑक्टोबरपासूनच हा दाखला देता येतो. सोय वाढली, हे चांगलंच झालं. दाखल्यावरचा प्रश्न मात्र तोच राहिला आहे: तुम्ही हयात आहात ना?

वडिलांबरोबर मी त्या रांगेत बरीच वर्षं उभी राहिले. एका नोव्हेंबरात सही करून बाहेर पडताना ते म्हणाले, "जिवंत आहे, हे लिहून दिलं. कशासाठी आहे, ते काही कुणी विचारलं नाही." रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा त्यांना ते कधी विचारलेलं नाही. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढंच मी रोज विचारत होते.

या पुस्तकाची सुरुवात तिथं झाली. वय वाढत जातं तेव्हा माणसाच्या इच्छांचं, ध्येयांचं काय होतं? मन खरोखर परिपक्व होतं, की केवळ थकतं? आणि ज्याला आपण सुख म्हणतो, ते उतारवयात वाढतं की आटतं? पुढच्या प्रकरणांत या तीन प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे, कारण ते वेगळे काढता येत नाहीत असं माझं मत झालं आहे. ज्याला आपलं ध्येय वेळेवर बदलता येतं, त्यालाच मी भावनिकदृष्ट्या प्रौढ म्हणेन. आनंद त्या बदलाच्या मागून येतो. वाढदिवसाबरोबर तो आपोआप मिळत नाही.

वडिलांचंच उदाहरण सांगते. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला: गावाकडचं पडकं घर पुन्हा उभं करायचं. घराच्या वाटणीवरून काकांशी बोलणं बंद होतं. उतारे, नकाशे, गवंड्यानं दिलेला खर्चाचा अंदाज अशा कागदांची एक फाईल तयार झाली आणि दर उन्हाळ्यात ती जाड होत गेली. बारा वर्षं घर काही उभं राहिलं नाही. त्या बारा वर्षांत आमच्या घरात हसण्याचा आवाज कमी झाला. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांचा आवाज चढायचा. आई म्हणायची, "त्यांचं भांडण भाजीशी नाही गं, त्या घराशी आहे."

सत्तरीत त्यांना मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्यावर ते एकटेच गावी गेले, काकांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "घर तू ठेव. मला फक्त परसातली विहीर साफ करू दे." पुढचे दोन हिवाळे त्यांनी त्या विहिरीत घातले. गावातल्या पोरांना हाताशी धरून गाळ काढला, ढासळलेला काठ बांधून घेतला, रहाट स्वतः घडवला. ज्या दिवशी पहिली घागर भरून वर आली, त्या दिवशी दोघं भाऊ शेजारी बसून चहा प्यायले. वडिलांनी काय सोडलं आणि काय धरलं, याचा हिशेब मी अजून करते आहे. घराची इच्छा मेली नव्हती. ती त्यांच्या हातांना पेलेल एवढी झाली होती.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: मुरड. आपण मनाला मुरड घालतो. हा शब्द ऐकला की अनेकांना हार मानल्यासारखं वाटतं, नाइलाजानं गप्प बसल्यासारखं वाटतं. पण हाच शब्द स्वयंपाकघरात काय करतो ते पाहा. कानवल्याच्या कडेला मुरड घालतात ती आतलं सारण तळताना सांडू नये म्हणून. सासरी निघालेल्या लेकीच्या शिदोरीत मुरडीचा कानवला देतात तो तिनं पुन्हा माघारी यावं म्हणून. म्हणजे मुरड घालण्यात सांभाळणं आहे आणि परत वळणंही आहे. उतारवयातल्या ध्येयांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या एका शब्दात बसतं.

मानसशास्त्रानं हीच गोष्ट आपल्या रीतीनं तपासली आहे. जर्मनीतले योखेन ब्रांटश्टेटर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिलं, की माणूस आपल्या ध्येयांशी दोन प्रकारे वागतो: परिस्थिती वाकवून ध्येय गाठायचं, किंवा ध्येय वाकवून परिस्थितीशी जुळवून घ्यायचं. तरुणपणी पहिल्याचा जोर असतो, वय वाढतं तसं दुसऱ्याचं बळ वाढतं. पहिल्याला आपण चिकाटी म्हणू, दुसऱ्याला मुरड. पुढे कार्स्टन व्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक महत्त्वाची भर घातली. हाती न येणारं ध्येय ज्यांना सोडता येतं त्यांचं मन अधिक निरोगी राहतं, आणि सोडल्यानंतर दुसरं काही हाती घेणंही तितकंच मोलाचं असतं. नुसतं सोडून रिकामं बसणं पुरत नाही. वडिलांनी घर सोडलं असतं आणि विहीर धरली नसती, तर ते नोव्हेंबरातलं वाक्य त्यांनी मरेपर्यंत उच्चारलं असतं.

पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं उदाहरण या विषयावरच्या लेखनात वारंवार येतं. ऐंशीच्या घरातही इतकं उत्तम कसं वाजवता, असं विचारल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. आता मी कमी रचना वाजवतो, त्यांचाच रियाज जास्त करतो, आणि द्रुत भाग येण्याआधी लय थोडी संथ करतो, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून वेगवान वाटतो. बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी वार्धक्याचा आपला सिद्धान्त समजावताना हेच उदाहरण घेतलं: निवड, त्या निवडीवर कष्ट, आणि जे गेलं त्याची दुसऱ्या रीतीनं भरपाई. आपल्याकडच्या बैठकीत बसलेल्या रसिकाला यात नवल वाटणार नाही. वय झालेला गवई तानांची संख्या कमी करतो आणि एकेका स्वरावर जास्त थांबतो, हे आपण ऐकलेलं आहे. ऐकताना काही उणं वाटत नाही, कारण त्यानं काय गाळायचं ते जाणून गाळलेलं असतं.

आता काळाबद्दल. माणसाची ध्येयं वयामुळे बदलतात, की उरलेल्या वेळेच्या जाणिवेमुळे? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या एकवीस वर्षांच्या असताना मोटारीच्या अपघातात सापडल्या आणि कित्येक महिने हाडांच्या वॉर्डात पडून राहिल्या. आजूबाजूच्या खाटांवर बहुतेक म्हाताऱ्या बायका होत्या. परावलंबी झाल्यावर माणूस कसा होतो आणि उद्याची खात्री नसली की कोणाची आठवण येते, हे त्यांनी तिथं पडल्या पडल्या अनुभवलं. त्यांचे वडील विद्यापीठातली मानसशास्त्राची व्याख्यानं ध्वनिफितीवर आणून देत, ती त्या ऐकत. पुढे त्यांनी मांडलेलं सूत्र असं, की पुढं वेळ भरपूर आहे असं वाटतं तेव्हा माणूस नव्या ओळखी, नवं ज्ञान, नवी संधी यांच्या मागे जातो. वेळ थोडा उरला आहे असं वाटतं तेव्हा तो जवळच्या माणसांकडे आणि मनाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाकडे वळतो.

याचा चांगला पुरावा हाँगकाँगमध्ये मिळाला. १९९७ मध्ये ते शहर ब्रिटिशांकडून चीनकडे जाणार होतं. एक पर्व संपतंय ही भावना सगळीकडे होती. एरवी तरुण माणसं नव्या ओळखी पसंत करतात, पण हस्तांतराच्या तोंडावर तिथल्या तरुणांनीही वृद्धांप्रमाणेच जवळच्या माणसांची निवड केली. हस्तांतर होऊन वर्ष लोटल्यावर तरुण पुन्हा तरुणांसारखे वागू लागले. म्हणजे वय तेच होतं, बदलली होती ती शेवटाची जाणीव. हे वाचल्यावर आजी-आजोबांच्या अनेक गोष्टींचा मला उलगडा झाला. लांबच्या लग्नाला जायचं टाळणारी आजी नातीच्या पहिल्यावहिल्या पाळण्याला मात्र दोन बसगाड्या बदलून येते. तिला हट्टी म्हणायची आपल्याला सवय आहे. ती वेळ कुठे घालवायचा ते ठरवत असते.

कार्स्टेन्सन यांच्या गटानं आणखी एक काम केलं. अठरा ते चौऱ्याण्णव वयाच्या १८४ माणसांना आठवडाभर एक छोटं यंत्र जवळ बाळगायला दिलं. दिवसातून पाच वेळा ते केव्हाही वाजे, आणि त्या क्षणी मनात काय आहे ते लिहायचं. वय वाढतं तसा राग, चिंता, वैताग यांचा फेरा साठीपर्यंत कमी होत गेलेला दिसला, आणि आनंदाचे प्रसंग मात्र घटले नाहीत. शिवाय मोठ्या वयाच्या माणसांत एकाच क्षणी दोन विरुद्ध भावना नांदताना जास्त दिसल्या. मुलगी परदेशी निघाली आहे, तिचं भलं होणार आहे आणि ती दूर जाणार आहे. अशा वेळी मनात जे उमटतं त्याला मराठीत हुरहूर म्हणतात. ते दुःख नसतं आणि सुखही नसतं. ती हुरहूर सहन करता येणं, तिच्यापासून न पळणं, हे मला प्रगल्भतेचं पहिलं लक्षण वाटतं.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. स्मरणाचा वेग मंदावतो, नावं जिभेवर येऊन अडतात, हे खरं आहे. पण मन सांभाळण्याची बुद्धी साठीला नाठी होत नाही, बहुतेकांत ती वाढलेली असते. फक्त ती वाढायला काहीतरी करावं लागतं, आणि इथं मला हार्वर्डच्या अभ्यासाकडे वळावंसं वाटतं. १९३८ मध्ये सुरू झालेला हा अभ्यास अजून चालू आहे. हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, अशा ७२४ जणांच्या आयुष्याचा माग संशोधकांच्या पिढ्यांनी काढला. त्यातले अनेक जण नव्वदी पाहून गेले. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त निरोगी राहिले. ऐंशीची तब्येत सांगायला पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतली नाती अधिक उपयोगी पडली.

या अभ्यासाचे दीर्घकाळ संचालक राहिलेले जॉर्ज व्हेलंट यांनी आणखी खोल जाऊन पाहिलं. दुखावलं गेल्यावर माणूस स्वतःला कसा सांभाळतो, याच्या त्यांनी पायऱ्या लावल्या. खालच्या पायरीवर दोष दुसऱ्यावर ढकलणं, रुसून बसणं, झालंच नाही असं म्हणणं. वरच्या पायरीवर विनोदबुद्धी, दुसऱ्यासाठी काही करण्यात स्वतःचं दुःख विरघळवणं, पुढची अडचण आधी ओळखून तिची तयारी ठेवणं, राग योग्य वेळेपर्यंत बाजूला ठेवता येणं. तीच माणसं विशीत खालच्या पायरीवर होती आणि पन्नाशीत वर चढलेली दिसली. सगळी नाही. काही जण तिथंच राहिले आणि त्यांचं म्हातारपण एकाकी गेलं.

आपल्या घरांत या पायऱ्या रोज दिसतात. "मला काय, मी आता पिकलं पान" हे वाक्य कधी खऱ्या विरक्तीतून येतं आणि कधी सुनेला टोचण्यासाठी. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही फरक कळतो. कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती देणारी सासू आणि किल्ल्या देऊन डब्यांची झाकणं मोजत बसणारी सासू, दोघींनी एकच कृती केली असली तरी त्यांच्या मनाचं वय वेगळं असतं. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याचा आहे आणि आठवा आपलं आयुष्य जसं गेलं तसं आपलं म्हणून स्वीकारण्याचा. सातवा नीट पार पडला नाही तर आठवा जड जातो, असा माझा अनुभव आहे. ज्यानं दुसऱ्याच्या हाती काही दिलं आहे, त्याला आपलं आयुष्य फुकट गेलं असं सहसा वाटत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याचं जिवंत उदाहरण शोधायचं तर मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांचा जन्म १८५८ चा. १८९६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यासाठी त्यांनी काय सोसलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयातल्या गणिताच्या अध्यापनातून मोकळे झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. त्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. आज राज्य सरकारचा बहुसंख्य नोकरवर्ग याच वयात शाल आणि श्रीफळ घेऊन घरी येतो. एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान पाहून आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केलं. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये ते गेले.

या आकड्यांकडे पाहून थक्क होणं सोपं आहे, पण त्यानं आपला काही फायदा होत नाही. शंभरी गाठणं आपल्या हाती नाही. त्यांच्या ध्येयांचा प्रवास मात्र शिकण्यासारखा आहे. एक संस्था उभी राहिली की ते तिच्या गादीला चिकटून बसले नाहीत. आधी विधवा, मग सगळ्या स्त्रिया, मग खेड्यातली मुलं, मग जातींमधली विषमता, असं त्यांच्या कळकळीचं वर्तुळ मोठं होत गेलं. बहुतेकांचं वर्तुळ उतारवयात आपल्या दुखण्यांभोवती आकसत जातं. कर्व्यांचं उलट झालं, आणि त्यासाठी त्यांना अफाट शक्ती लागली असं नाही. प्रत्येक टप्प्यावर ते आदल्या टप्प्यावरून मोकळे होत गेले.

चिकाटीचंही एक मराठी उदाहरण इथं द्यायलाच हवं, नाहीतर मुरड म्हणजेच सर्व काही, असा गैरसमज होईल. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ मध्ये आला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. बत्तीस वर्षं एक ध्येय त्यांनी सोडलं नाही. काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा नियम कुणी लिहून देऊ शकत नाही. पण एक खूण सांगता येते. जे ध्येय धरल्यानं आपण आजूबाजूच्या माणसांसाठी जास्त मोकळे होतो, ते धरावं. ज्यानं आपली जीभ कडू होते, ते तपासून पाहावं.

इथपर्यंत वाचून एखादी बाई विचारेल, की मुरड घालायला मला काय शिकवता? तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त होती. त्यांच्यातल्या बहुतेकींनी लहानपणापासून मनाला मुरडच घातली आहे. शाळा सोडली, आवडीची भाजी सोडली, माहेरचा सण सोडला. निवृत्त झालेल्या पुरुषाला जे ऐंशीव्या वर्षी शिकायचं असतं, ते त्या दहाव्या वर्षी शिकल्या. अशा बाईसाठी उतारवयातली प्रगल्भता उलट्या दिशेनं येते. तिला हवंसं वाटायला शिकायचं असतं. स्वतःच्या नावानं काहीतरी मागायचं असतं. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत मी जात असते. तिथं बायकांना "तुम्हाला काय करायचं आहे?" असं विचारलं की बहुतेक जणी मुलांबद्दल सांगू लागतात. पुन्हा विचारावं लागतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर एक आजी खाली मान घालून म्हणाल्या, "मला एकटीनं रेल्वेत बसून जायचं आहे. कुठंही." शेजारच्या बायका आधी हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं मी विसरलेले नाही. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्यामुळेच स्त्रियांच्या न मागितलेल्या इच्छांवर आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वय वाढलं की समाधान वाढतं, हा नियम जगभर लागू नाही. चाळिशी-पन्नाशीत तळ गाठून पुढे वर चढणारी सुखाची रेषा प्रामुख्यानं श्रीमंत, इंग्रजी भाषक देशांत दिसते. अँगस डीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की पूर्व युरोपात आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांत वयाबरोबर समाधान उतरत जातं, आणि आफ्रिकेच्या सहाराखालच्या भागात ते सर्व वयांत कमीच राहतं. म्हणजे मनाच्या मुरडीखाली जमीन असावी लागते. पेन्शनची रांगसुद्धा नशिबवानांची असते. आपल्याकडचे बहुतेक कष्टकरी असंघटित कामात आयुष्य घालवतात. त्यांना निवृत्ती नसते आणि फंडही नसतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये महिना एक हजारावरून दीड हजार झाली. दीड हजारात औषधं, किराणा आणि लाइटबिल भागवणाऱ्या बाईला 'नवं ध्येय शोधा' असं सांगणं हा उद्धटपणा ठरेल. तिच्यासाठी आधी धान्य, दवाखाना आणि डोक्यावर छप्पर हवं, आणि ते मागण्याची जबाबदारी आपलीही आहे.

तसंच, उदासपणाचा आजार हा मनाचा कच्चेपणा नव्हे. झोप उडणं, जेवण नकोसं होणं, जगण्यात रस न उरणं असं कित्येक आठवडे चाललं, तर वयाच्या नावावर ते खपवू नये. 'भजनाला जा, बरं वाटेल' एवढं सांगून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे न्यावं. विसराळूपणा वाढत चालला असेल तरीही तसंच करावं. जिथं उपचार लागतात तिथं उपदेश करणं चूक आहे, हे पुढच्या प्रकरणांत मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आणि तरीही, ज्यांच्या पायाखाली थोडीफार जमीन आहे अशा लाखो घरांत एक गोष्ट विनाखर्च बदलता येण्यासारखी आहे. ती म्हणजे वृद्धांशी बोलायची आपली भाषा. येल विद्यापीठाच्या बेका लेवी यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावाच्या जुन्या नोंदी तपासल्या. आपल्या वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं, ते वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. माणसाचं आपल्या वयाबद्दलचं मत हवेतून येत नाही. ते लहानपणापासून कानावर पडणाऱ्या शब्दांतून बनतं. 'या वयात कशाला?' 'आता काय राहिलंय?' 'रामराम म्हणत बसा.' हे शब्द आपण प्रेमानं बोलतो, काळजीनं बोलतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनातली एकेक इच्छा विझवतो. पुढे एक दिवस त्या वयाचे आपण होतो, तेव्हा हेच शब्द आपण स्वतःला ऐकवतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आपण करतो. हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षं आणि दहा-एक महिने लागतात. त्या दिवशी ओवाळतो, तुला करतो, पाया पडतो. माणसानं किती चंद्र पाहिले ते आपण मोजतो. हजार-एकाव्या पौर्णिमेला त्याला काय करायचं आहे, हे त्या मांडवात कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

हे पुस्तक क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा. जोडीदार गेला असेल तर सातवं प्रकरण आधी वाचा. तुम्ही तिशी-चाळिशीत असाल आणि आईवडिलांसाठी हे हाती घेतलं असेल, तर शेवटचं प्रकरण आधी वाचा आणि मग स्वतःसाठी पहिल्यापासून. पन्नाशीतली नाती ऐंशीत उपयोगी पडतात, हे हार्वर्डच्या माणसांनी सांगितलंच आहे. तयारीला उशीर झालेला नाही, पण ती आज सुरू करावी लागेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान ठेवलं आहे. ते भरायचं आहे, आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून भरून घ्यायचं आहे.

वडील आता नाहीत. विहिरीवरचा त्यांचा रहाट अजून फिरतो आहे. शेवटच्या नोव्हेंबरात बँकेतून परतताना मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, पुढच्या वर्षी काय करायचं आहे?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रहाटाला तेल घालायचं. आणि तुझ्या काकाला दोर ओढायला शिकवायचं, चुकीचा ओढतो." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते पाहायला मी बारा-चौदा वर्षं उशीर केला होता.

तुम्ही तो करू नका. आज घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, "पुढच्या वर्षी काय करायचं आहे?" पहिलं उत्तर 'काही नाही' असंच येईल. उठू नका. दुसऱ्या उत्तराची वाट पाहा.